सीताफळाखाली सापडलेली वस्तू

निवृत्त सुभेदार हणमंत जगदाळे यांचं गेल्या महिन्यात साताऱ्यातल्या एका रुग्णालयात निधन झालं. कारण हृदयविकार. सकाळी सुनंदावहिनींचा, त्यांच्या पत्नीचा फोन आला. “भावजी, हे गेले,” एवढंच त्या बोलल्या... मागून कुणीतरी त्यांना सामान ताब्यात घ्यायला सांगत होतं. त्या सामानात घड्याळ आणि मोबाइलबरोबर शर्टाच्या खिशातला चांदीचा एक वाकडा, छोटा पत्राही होता.

हणमंत माझा शाळेपासूनचा मित्र. सैन्यात त्याचं काम जमिनीतले सुरुंग शोधण्याचं. निवृत्तीनंतर कऱ्हाडजवळच्या आपल्या गावी आला आणि धातू शोधायचं एक यंत्र मागवून घेतलं. रोटाव्हेटरची तुटलेली पाती उसाच्या रानात रुतून बसतात, ती काढायला. कानाला हेडफोन लावून तो सरीतून चालायचा आणि बांधावरची माणसं ओरडायची, “सुभेदार, हंडा घावला तर निम्मा आमचा, व्हय का!” तो मान वर न करता म्हणायचा, “घे की. पातं घावलंय, निम्मं तुला.”

गेल्या उन्हाळ्यात घरामागच्या सीताफळाच्या झाडाखाली यंत्र वाजलं. वीतभर खाली अंगठ्याएवढा काळा पत्रा निघाला. चिंच लावून घासल्यावर त्यावर घोडा आणि स्वार दिसला. गावात कुणी तो जुना बिल्ला ठरवला, कुणी बैलाच्या गळ्यातलं पदक. हणमंतनं मला फोटो पाठवला. मीही एखाद्या पलटणीचं चिन्ह असावं असं कळवलं. वहिनी म्हणाल्या, खंडोबाचा टाक असेल, देव्हाऱ्यात ठेवू. तो म्हणाला, “आधी कोण हाय ते कळू दे, मग बसवू.”

आम्ही दोघं सांगलीत माझ्या ओळखीच्या सराफाकडे गेलो. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या टाक घडवतात. त्यांनी पत्रा उजेडात धरला आणि विचारलं, “घरातलं कोण अकाली गेलंय का?” मग पत्रा हणमंतपुढे धरून म्हणाले, “ह्यो देव न्हवं, वीर हाय. खंडोबा असता तर मागं म्हाळसा बसली असती, घोड्याखाली कुत्रं असतं. ह्यो एकटाच हाय बघा. आणि लय जुना न्हाई. ठसा आमच्याच गल्लीतला.” घरातला माणूस अकाली गेला तर त्याच्या नावानं असा टाक करून देवात बसवतात. एकदा बसवला की तो माणूस मेलेला.

हणमंतचा धाकटा भाऊ बाळू हाही सैन्यात होता. आसामात नदी ओलांडताना वाहून गेला. मृतदेह मिळाला नाही. पलटणीनं शोध थांबवल्यावर हणमंत रजा टाकून तिकडे गेला, काठानं फिरला, रिकाम्या हातानं परतला. आईनं क्रियाकर्म करू दिलं नाही. दर दसऱ्याला ती बाळूचं ताट वाढायची. वडील, आबा, या विषयावर काही न बोलताच काही वर्षांनी वारले. घरात एकच शब्द चाले : बेपत्ता. परतताना इस्लामपूरला आम्ही चहाला थांबलो. हणमंतचा चहा तसाच गार झाला. “आमच्यात अकाली एकच गेलाय,” तो म्हणाला. बाळूबद्दल ‘गेला’ हा शब्द मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

घरी आल्यावर त्यानं टाक आईपुढे धरला. मी दारात होतो. म्हातारीला नीट दिसत नाही. तिनं बोटानं घोडा चाचपला.

“तुज्या बानं करून आणला हुता,” ती म्हणाली. “मीच पुरला.”

“का गं आई?”

“देवात बसला असता, तर माघारी कुटनं आला असता?”

“आई, किती वर्सं झाली...”

“तू कशाला उकरलास रं?”

त्यानं टाक शर्टाच्या खिशात ठेवला. नंतर कधी विषय निघाला की म्हणायचा, “आई हाय तवर खिशात. मग बघू.” आई आधी जाईल, हे तो धरून चालला होता.

तेराव्यानंतर सुनंदावहिनींनी टाक घासून देव्हाऱ्यात ठेवला. दिराचं राहिलेलं कार्य व्हावं, ही नवऱ्याची इच्छा होती, असं त्यांनी मला सांगितलं. सासूला विचारलं नव्हतं. मागच्या आठवड्यात मी गेलो तेव्हा देव्हाऱ्यात टाक नव्हता. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. “आत्याबाई, टाक कुटं हाय?” वहिनींनी माझ्यादेखत विचारलं. “मला काय म्हाईत,” ती म्हणाली. तिच्या नखांत माती होती.

वहिनींनी खुंटीवरचं यंत्र काढलं. हेडफोन त्यांना सैल होत होता. तो एका हातानं धरून त्या घरामागे गेल्या. सीताफळाखाली यंत्र वाजलं. त्यांनी तिथंच यंत्र बंद केलं, आत आणून परत खुंटीला अडकवलं. खणलं नाही.