पुंडलिकरावांच्या बरणीतला हायड्रोजन

सेलूच्या बाजारात पुंडलिकरावांचं भांड्यांचं दुकान आहे. गेल्या दीड वर्षात त्या दुकानात बसून मी जेवढा वाद घातला, तेवढा एकतीस वर्षांच्या नोकरीत वर्गातसुद्धा घातला नसेल. मी शाळेत विज्ञान शिकवायचो. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी गाव मला मधुकर सर म्हणतं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं. चुकीचं विज्ञान ऐकलं की माझं डोकं फिरतं. हा माझा जुना दोष, आणि पुंडलिकराव तो पुरेपूर ओळखून आहेत.

माणूस तसा देवमाणूस. वय बासष्ट, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, त्यातलं एकही चालत नाही. गिऱ्हाईकानं पाण्याचे चाळीस गुंड फळीवरून खाली उतरवायला लावले आणि शेवटी एक चमचा घेतला, तरी हे त्याला चहा पाजणार. दुकानात त्यांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. पण हाच माणूस गाडीच्या चाकामागे बसला की कोणीतरी दुसराच होऊन जायचा. समोर गाडी दिसली की तिला मागे टाकल्याशिवाय त्यांच्या जिवाला चैन पडत नसे. पुढे कुठे जायची घाई असे असंही नाही. पुढच्या पानठेल्यावर ते खर्रा घ्यायला थांबत आणि मागे टाकलेली गाडी त्यांच्यासमोरून निवांत निघून जाई.

अकरा वर्षांपूर्वी समुद्रपूरच्या एका लग्नाहून परतताना त्यांनी असाच एक कापसाचा ट्रक मागे टाकला आणि गाडी थेट तुरीच्या शेतात नेऊन घातली. त्यांना खरचटलंही नाही. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोचं, प्रमिलाबाईंचं, मात्र उजवं मनगट मोडलं.

ते मनगट म्हणजे दुकानाचं मनगट होतं. आपल्याकडे आंदणाचं भांडं असो की आहेराचं, त्यावर नाव टाकलेलं हवं असतं, आणि त्या दुकानात नावं टाकायचं काम प्रमिलाबाईंचं. मशीनची ती टोकदार सुई त्या अशा चालवतात की अक्षर छापल्यासारखं उमटतं. हात प्लास्टरमध्ये होता त्या चार महिन्यांत पुंडलिकरावांनी स्वतः नावं टाकली. ती अक्षरं बघून लोकांनी ताटं परत आणली. वधूचं नाव ताटाच्या काठावरून घसरून खाली गेलेलं, वरपित्याचं अर्ध्यावर थांबलेलं. त्या परत आलेल्या ताटांचा गठ्ठा माळ्यावर गेला आणि तिथेच राहिला.

हात बरा झाला, पण त्या दिवसापासून प्रमिलाबाई नवऱ्याच्या गाडीत बसल्या नाहीत. भांडण नाही, रुसवा नाही. त्या फक्त यष्टीनं जाऊ लागल्या. लग्न एकच, घर एकच, पण नवरा कारनं आणि बायको लाल डब्यानं. पुंडलिकराव त्यांना स्टँडवर सोडत, खिडकीची जागा धरून देत, मग आपली गाडी काढत आणि समुद्रपूरला जायचं असलं तर तिथल्या स्टँडवर तासभर आधी पोचून त्यांची वाट बघत उभे राहत. लोक हसायचे. मीही हसलो आहे. पण एकदा त्यांना तिथे उन्हात हातात उसाच्या रसाचे दोन ग्लास धरून उभं राहिलेलं पाहिलं, आणि त्यानंतर मला हसू आलं नाही.

आता बरणीकडे येतो. दीड वर्षापूर्वी त्यांनी फोनवर कोणा हिंदी माणसाचे व्हिडिओ बघितले. पाण्यातून हायड्रोजन काढायचा, तो इंजिनात सोडायचा, म्हणजे पेट्रोल कमी लागतं आणि गाडी जास्त पळते, असा एकूण दावा. किट घरीच करायचं. पुंडलिकरावांकडे स्टीलला काय तोटा? माळ्यावरचा गठ्ठा खाली आला. ती वाकड्या नावांची ताटं कापून त्यांनी पट्ट्या केल्या, लोणच्याच्या जाड प्लास्टिकच्या बरणीत एकीशेजारी एक बसवल्या, पाणी आणि खाण्याचा सोडा घातला, बॅटरीची तार जोडली आणि झाकणातून निघालेली नळी इंजिनाच्या हवेच्या वाटेत खुपसली. डॅशबोर्डवर एक हिरवा दिवा बसवला. दिवा लागला म्हणजे हायड्रोजन सुरू.

मी त्यांना समजावलं. पाणी फोडायला जी वीज लागते ती इंजिनच तयार करतं, आणि इंजिन पेट्रोलवर चालतं. पाणी फोडायला जेवढं जातं त्याहून कमीच परत हाती येतं. हे नववीच्या पोराला कळतं. शिवाय हायड्रोजन म्हणजे काही उदबत्तीचा धूर नाही, तो भडकतो. पुंडलिकरावांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाले की सर, तुमचं पुस्तक जुनं झालं. त्या चहाची चव मला आजही आठवते, कडू.

आणि मग घडलं असं की गाडी खरंच जास्त चालू लागली. लिटरला तेराचे सतरा किलोमीटर झाले. एकाच पंपावर, टाकी तोंडापर्यंत भरून, गाडी हलवून पुन्हा भरून त्यांनी हे मोजलं, तीनदा. मी रात्रभर तळमळलो. मग एकदा त्यांच्यासोबत वर्ध्याला गेलो तेव्हा उलगडा झाला. चाळीसच्या वर गेलं की बरणी हिंदकळायची. जोरात ब्रेक मारला की सोड्याचं पाणी बाहेर यायचं. म्हणून हा माणूस चाळीसनं, डाव्या कडेनं, तान्हं बाळ घेऊन चालल्यासारखी गाडी चालवत होता. एसी बंद, कारण हायड्रोजनचा आवाज ऐकू यायला हवा. अशी चालवली तर बरणीत ताक भरलं असतं तरी सतराच पडले असते. मी तसं म्हटलं. ते हसले आणि हिरव्या दिव्याकडे बोट दाखवलं.

त्याच आठवड्यात प्रमिलाबाई यष्टीनं वर्ध्याला लेकीकडे निघाल्या होत्या. वाटेत यष्टीनं एका पांढऱ्या गाडीला मागे टाकलं. खिडकीतून त्यांनी पाहिलं तर गाडी नवऱ्याची. यष्टीनं त्यांना मागे टाकावं ही त्यांच्या संसारातली पहिलीच वेळ. पुढच्या खेपेला त्या गाडीचं पुढचं दार उघडून बसल्या. पुंडलिकरावांनी हे मला तीन वेळा सांगितलं, आणि तिन्ही वेळा श्रेय हायड्रोजनला दिलं.

हे सगळं मी सहन केलं. पण गावात जो तो मला थांबवून विचारू लागला की सर, तुमचं विज्ञान काय म्हणते? तेव्हा मी ठरवलं की आता पुरे. मे महिन्यात वर्ध्यालगत नालवाडीला त्यांच्या लेकीकडे, हर्षाकडे, रसाचं जेवण होतं, मलाही बोलावणं होतं. मी पिशवीत माझा वीज मोजायचा मीटर टाकला. चारचौघांत मोजून दाखवणार होतो की ही बरणी किती वीज खाते आणि बदल्यात काय देते. पुंडलिकरावांनीही आव्हान आनंदानं घेतलं.

सकाळी ते दुकानाचं कुलूप तपासत होते तेवढ्यात मी बॉनेट उघडून आधीच नजर टाकली. बरणीपाशी काळी टेप गुंडाळलेली होती, ती बोटानं जरा सरकवली, आणि माझ्या अंगावर आनंदाचा काटा आला. तार जोडलेलीच नव्हती. बरणीत वीज जातच नव्हती. हिरवा दिवा लागत होता, कारण त्याचा जोड बरणीच्या आधी होता. इंजिनाच्या थरथरीनं पाणी हलायचं आणि पुंडलिकराव त्यालाच हायड्रोजन समजत होते. वर्षभराच्या वादाचा निकाल माझ्या चिमटीत होता.

मागे प्रमिलाबाई उभ्या होत्या. बहुतेक बऱ्याच वेळापासून.

"भाऊजी, ते तार मीच काढली. यायले नोका सांगू."

मग त्यांनी हळू आवाजात सांगितलं. गेल्या दिवाळीनंतर एकदा बॉनेटखाली फट् असा आवाज झाला आणि बरणीचं झाकण उडालं. त्या घाबरल्या. रोज मशीनच्या तारा हाताळणारी बाई, कोणती काढायची ते त्यांना कळत होतं. तार काढून त्यांनी वर तशीच टेप गुंडाळली. बरणीच काढून टाकायला का नाही सांगितलं, असं मी विचारलं, आणि विचारताना माझ्या आवाजात शाळा होती.

"बरणी बंद हाय म्हणून कळलं तं हे उद्यापासून पयल्यासारखेच हाकतीन. मंग मी यष्टीनंच जाईन. यष्टीचं काई नाई जी, पण तिथं मले बोलाले कोणी नसते."

मी कबूल काहीच केलं नाही. सबंध रस्ताभर मागच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन बसलो. पुढे ती दोघं बोलत होती. काय बोलत होती म्हणाल तर काहीच नाही. कोणाच्या शेतात मोटर बसली, कोणाच्या पोरीचं जमलं, पवनारपाशी नदीला पाणी किती उरलं. चाळीसच्या वेगात माणसाला नदी दिसते. अकरा वर्षांचं साठलेलं बोलणं होतं ते, आणि मी मधे एक शब्दही टाकला नाही.

नालवाडीला हर्षाचा नवरा गजेंद्र दारातच होता. त्याचं वर्ध्यात कापडाचं दुकान, हातात फोन धरून नव्वदनं गाडी चालवणारा गडी. सासऱ्याच्या बरणीची तो कायम थट्टा करायचा. रस, कुरडया, सगळं झालं आणि मंडळी बॉनेटभोवती जमली. गजेंद्र म्हणाला की आज सरांनी सोक्षमोक्ष लावावाच. पुंडलिकराव ताठ उभे राहिले.

"मीटरनं बरणीत वीज नाई दाखोली, तं आत्ताच बरणी काढून फेकतो. मले का हौस हाय चाळीसनं चालवाची? बरणीपायी चालोतो."

गाडी सुरू होती. मीटर माझ्या हातात होता. प्रमिलाबाई ओसरीवर उष्टी ताटं गोळा करत होत्या आणि माझ्याकडे बघतही नव्हत्या. बघितलं असतं तर बरं झालं असतं, मला राग तरी धरता आला असता. एकतीस वर्षं मी पोरांना सांगत आलो की प्रयोगात जे दिसतं तेच लिहा, मनाचं लिहू नका. मी मीटरची टोकं दिव्याच्या जोडावर ठेवली.

"तेरा पॉइंट आठ व्होल्ट," मी म्हणालो. "वीज व्यवस्थित आहे."

आकडा खरा होता. तो कुठला आहे हे कोणी विचारलं नाही. पुंडलिकरावांनी सगळ्यांसमोर माझे दोन्ही हात धरले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून वाईट म्हणजे बरंही वाटलं. परतीच्या वाटेवर ते सबंध वेळ माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक करत होते.

खोटं एकदाच बोलायचं असतं असा माझा समज होता. आठ दिवसांनी प्रमिलाबाई स्वतः माझ्या घरी आल्या, हातात पिशवी. सरांनीच खात्री दिली म्हटल्यावर गजेंद्रनं सासऱ्याला आपल्या गाडीसाठी तसंच किट करायला सांगितलं होतं. पुंडलिकरावांनी ते हौसेनं केलं होतं आणि कागदावर सूचना लिहिली होती, की चाळीसच्या वर नेऊ नये, पाणी हिंदकळते. पिशवीतून बरणी काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवली.

"जावयाचीबी तपासून द्या, भाऊजी. पोरगी बाजूले बसते."

बरणीच्या झाकणावर स्टीलची एक छोटी पट्टी लावलेली होती. तिच्यावर छापल्यासारख्या सुरेख अक्षरात कोरलं होतं, "तपासले. मधुकर सर, सेलू." ते अक्षर कोणाचं हे साऱ्या तालुक्याला ठाऊक आहे. मी त्यांना चहा दिला, त्या गेल्या, आणि मी कपाटातून चिमटा काढला. तार सोडवून आत घेतली आणि वरून काळी टेप नीट गुंडाळली.