धुई हाय का धूर?

सकाळी सव्वासहाला फोन वाजला की मी नाव बघत नाही. गुरुजीच असतात. नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट सवाल: "काय राजा, धुई हाय का धूर?"

गुरुजींनी मला जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीपर्यंत शिकवलं. आता ते ऐंशीच्या घरात आहेत. मुलगा परगावी कामाला, घरी ते आणि सून दोघंच. वाशिमहून रिसोडकडे जाणाऱ्या रस्त्याला वस्ती संपते तिथलं शेवटचं घर त्यांचं, आणि त्याला लागून माझं वावर. मी वावरातच विहिरीजवळ घर बांधून राहतो. मधे फक्त बोरीच्या काट्यांचं कुंपण.

गुरुजींचा दमा जुना. त्यात कोरोनात नाकाचा वास गेला तो परत आलाच नाही. फोडणी करपली तरी त्यांना पत्ता नसतो. आणि आमच्याकडे दिवाळीनंतर सकाळी खिडकीबाहेर जे पांढरं दिसतं ते दोन जातींचं. एक धुई, म्हणजे धुकं. दुसरा धूर. डोळ्याला दोन्ही सारखेच, फरक कळतो तो नाकाला. धुई असली की गुरुजी मफलर गुंडाळून नाल्यावरच्या पुलापर्यंत फिरून येतात. बायको गेल्यापासून दिवसातलं तेवढंच त्यांचं बाहेर पडणं. धूर असला की दारं-खिडक्या लावून बसतात. म्हणून त्यांनी माझं नाक जणू भाड्यानं घेतलेलं, आणि भाडं म्हणजे रोजच्या शिव्या. "उठला का नाही अजून, कुंभकर्णा?" असं ऐकल्याशिवाय माझाही दिवस सुरू होत नसे.

आता धूर करतं कोण? आम्हीच, दुसरं कोण! सोयाबीन काढलं की मळणीयंत्राच्या तोंडून कुटार, म्हणजे भुसकट, पडतं, त्याचा घराएवढा ढीग होतो. घरोघरी बैल होते तेव्हा ते वैरणीला जायचं. माझे बैल विकून आता पाच वर्षं झाली. हरभरा पेरायला वावर मोकळं हवं, मग काडी ओढायची आणि हात झटकून मोकळं व्हायचं. सगळी शीव एकदम पेटते आणि दुसऱ्या दिवशी तोंड वर करून सगळे म्हणतात, औंदा थंडी लवकर पडली बुवा, धुई पाहा कशी!

मागच्या वर्षी दसऱ्याला मी गुरुजींच्या पाया पडायला गेलो, तेव्हा त्यांनी माझा हात सोडला नाही. "औंदा कुटार जाळू नको बापा. तुहा धूर सरळ मह्या खिडकीत येते." मी म्हणालो, "शब्द देतो गुरुजी. काडी नाही लावत." गुरुजी चहा पिताना सुनेला दोनदा म्हणाले, पाह्य, माहा विद्यार्थी हाय.

एका गुरंवाल्यानं कुटार नेतो म्हणून सांगितलं होतं. तो आज येतो, उद्या येतो करत राहिला. पेरणी लांबत चालली. शेजारी टोमणे मारायला लागले, "काय, कुटाराची पूजा मांडतं का?" मी तापट माणूस, टोमणा मला सोसत नाही. एका संध्याकाळी डोकं सटकलं. मनाला समजावलं की पलीकडच्या पट्ट्यात तूर फुलावर आहे. धुईनं फुलोरा गळू नये म्हणून आपल्याकडे धूर करतातच, तर हा धूर तुरीसाठी. म्हणजे निमित्तसुद्धा कसं शोधलं बघा! काडी ओढली आणि जेवायला घरात गेलो.

कुटार भडकत नाही, धुमसतं. सकाळी फोन वाजला तेव्हा मी अंगणातच उभा होतो. सगळं पांढरं. घसा खवखवत होता, डोळे चुरचुरत होते. माझाच ढीग, माझाच धूर, वारा सरळ कुंपणापलीकडं.

"काय राजा, धुई हाय का धूर?"

धूर म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला: कोनाचा? एवढ्यासाठी, फक्त एवढ्यासाठी, माझी जीभ वळली.

"धुई हाय गुरुजी. या फिरून."

"शाब्बास," म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यांना परत बोलवायला मी धावलो असतो तर दोन मिनिटांचं अंतर होतं. मी धावलो नाही. मी चहा ठेवला. चहा उकळला, प्यालो, कप विसळला. मग रस्त्यावरून कोणीतरी ओरडलं, गुरुजी पुलावर बसलेत, बोलता येत नाही त्यांना. मोटारसायकलवर मागं एकाला बसवून, त्यांना मधे धरून दवाखान्यात नेलं ते मीच. पाठीला त्यांची छाती लागत होती, आणि प्रत्येक श्वास करवतीसारखा आवाज करत होता.

चार दिवस ऑक्सिजन लागला. जरा बोलता यायला लागल्यावर डॉक्टर रागावले, धुरात कशाला गेलात म्हणून. गुरुजींनी नळी बाजूला केली आणि भांडायलाच उठले. "धूर नव्हताच डॉक्टरसाहेब. धुई होती. मह्या विद्यार्थ्यानं सांगतलं ना. त्याचं नाक पक्कं हाय." मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. जमीन दुभंगून आत घ्यावं असं वाटलं, पण तिथं चकचकीत फरशी होती.

ते घरी आल्यावर मी ठरवून गेलो, की आज सांगायचंच. ओट्यावर त्यांची सून मफलर वाळत घालत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तीनदा धुतला, भाऊ. वास जात नाही."

म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. "मी आज सांगतो गुरुजींना," मी म्हणालो.

"नका सांगू." आता तिनं बघितलं. "तुमचं मन हलकं होईन. मंग मामाजींनी सकाळी इचारावं कोनाले? मी पहाटेच्या गाडीनं शेलूबाजारले नोकरीवर जाते. घरात दुसरं हाय कोन?"

मी आत गेलो, तब्येत विचारली आणि परत आलो.

यंदा मी कुटार वावरातच पसरून कुजवलं. काडीपेटीला हात लावला नाही. आज सकाळी फोन आला तेव्हा बाहेर खरी धुई होती. बोरीच्या काट्यांवर थेंब, कोळ्यांची जाळी ओली. मी तीनदा खोल श्वास घेतला. नुसता ओल्या मातीचा वास. चौथ्यांदा घेतला तेव्हा मला त्या मफलरचा वास आला. तो खरा होता की मनातला, माझं मलाच सांगता येईना. हल्ली रोज हेच होतं.

"धूर हाय गुरुजी. नका निघू."

"आजबी? आठ दिस झाले रे, पूल पाह्यला नाही. काहून जाळतेत बापा हे लोकं? कोनाले काही लाज?" त्यांना जरा धाप लागली, मग आवाज मऊ झाला. "तू तेवढा एक शब्दाचा निघाला पाह्य. जाऊ दे. लावतो खिडकी."

खिडकी लावल्याचा आवाज मला फोनमधून आला, आणि कुंपणापलीकडूनही आला.