जिन्यातली चौकशी

नवीन पनवेलच्या त्या चार मजली, बिनलिफ्टच्या सोसायटीत शोभाताई टिपणीस म्हणजे चौकस बाई म्हणून प्रसिद्ध. भाजीची पिशवी घेऊन खालून निघाल्या की पहिल्या मजल्यावर कुणाच्या तरी सुनेची परीक्षा, दुसऱ्यावर जमिलाच्या नवऱ्याचं कतारहून येणं, तिसऱ्यावर पाण्याची गळकी टाकी, अशी विचारपूस करत त्यांची स्वारी चौथ्या मजल्यावर पोचायची. "हिला जिना चढायचा नसतो, बातम्या गोळा करायच्या असतात," असं त्यांचे यजमान गुरुदत्तराव येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

खरं सांगायचं तर शोभाताईंना दम लागत होता. एक प्रश्न विचारायचा आणि समोरचीला बोलू द्यायचं. ती बोलतेय तोवर छातीचा भाता जरा थंडावतो. लोकांना वाटायचं, बाई किती मन लावून ऐकते! बाई काडीचं ऐकत नसे. कठडा घट्ट धरून, आपलं हृदय अजून चालू आहे ना, एवढंच ती ऐकत असे.

भीतीला कारण होतं. दोन-तीन वर्षांपूर्वी त्यांचा थोरला भाऊ पळस्प्याच्या घरी सोफ्यावर बसून चहा मागता मागता गेला. चहा आला तेव्हा माणूस नव्हता. त्या दिवसापासून शोभाताईंच्या छातीत धडधड सुरू झाली. दिवसकार्य उरकल्यावर भावाच्या कपाटात त्याच्या हृदयाच्या गोळ्या उरलेल्या दिसल्या, त्या त्यांनी गुपचूप पर्समध्ये टाकल्या आणि रोज एक घेऊ लागल्या. धडधड थांबली. गोळ्या संपल्या की रिकामं पाकीट दाखवून लांबच्या दुकानातून आणायच्या. पुढे दम लागायला लागला, तेव्हा आता हृदय खरंच बिघडलं अशी खात्री पटून त्यांनी एकीच्या दोन केल्या. नवऱ्याला यातलं अक्षर सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने दवाखान्यात नेलं असतं, आणि दवाखान्यात खरं काय ते कळलं असतं. नेमकं तेच त्यांना नको होतं. असा त्यांचा कारभार!

शेवटी एकदा तिसऱ्या मजल्यावर तोंड उघडलं आणि प्रश्नच बाहेर पडेना. शेजारणीची हाक ऐकून गुरुदत्तराव धावत खाली आले आणि त्यांना थेट दवाखान्यात घेऊन गेले. कार्डिओग्राम चांगला, टू-डी इको चांगला, एक्स-रे चांगला. "टेन्शन असेल," गुरुदत्तराव म्हणाले. डॉक्टरीणबाईंनी नकारार्थी मान हलवली. "या सगळ्या स्वस्थ पडलेल्या माणसाच्या तपासण्या. यांना दम लागतो तो चढताना. तेव्हा यांना दमवूनच बघू या. हृदय कमी पडतंय की फुप्फुसं, ते तेव्हा कळेल."

तपासणीच्या सकाळी शोभाताईंनी जास्तीची एक गोळी घेतली. तिथल्या टेक्निशियनने, कोमलने, विचारलं, "काकू, कुठली औषधं चालू आहेत?" शेजारी नवरा उभा. "कुठलीच नाही," शोभाताई म्हणाल्या.

आत एक जागच्या जागी फिरणारी सायकल होती. या बाई जन्मात सायकलवर बसल्या नव्हत्या. छातीला वायरी चिकटवल्या, बोटाला चिमटा लावला, नाका-तोंडावर घट्ट मास्क बसवला. "आता बोलता येणार नाही हं," कोमल म्हणाली. "फार त्रास झाला तर अंगठा खाली करा, मी लगेच थांबवेन. पण होईल तितकं ताणा. मध्येच सोडलंत तर निदान होत नाही."

शोभाताईंची पाचावर धारण बसली. जिन्यात निदान मजले होते, दारं होती. इथे थांबायला जागा नाही आणि विचारायला तोंड नाही. सायकल हळूहळू जड होत गेली. मांड्या भरून आल्या, घशाला कोरड पडली, डोळ्यांसमोर तो सोफा आणि तो चहाचा कप. आता आपणही अशाच जाणार, तेही या परक्या खोलीत, मास्कमधून हाकही न मारता. अंगठा खाली करावा म्हणून हात उचलला, तर काचेपलीकडे गुरुदत्तराव दिसले. कधी देवाला हात न जोडणारा माणूस ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होता. त्यांनी हात परत दांड्यावर ठेवला. आणखी थोडं रेटलं. मग मात्र पाय फिरेनात, तेव्हा अंगठा आपोआप खाली गेला.

कोमल पडद्याकडे बघत होती. तिने डॉक्टरीणबाईंना बोलावलं. संपलं सगळं, शोभाताईंना वाटलं.

"फुप्फुसं छान आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण नाडी वर चढायलाच तयार नाही. पाय रक्त मागताहेत आणि हृदय आपल्या संथ चालीने चाललंय. कुणी धरून ठेवल्यासारखं. काकू, खरं सांगा, कुठली गोळी घेता?"

शोभाताईंनी पर्समधून पाकीट काढलं.

"ही तर हिच्या गेलेल्या दादांची," गुरुदत्तराव म्हणाले.

"दादांना तिची गरज होती. ही नाडीला आवर घालते. तुमच्या धडधाकट हृदयाला हिनेच बांधून ठेवलंय, बहुतेक दम त्याचाच. पण आज एकदम बंद करायची नाही हं, ते धोक्याचं. मी सांगेन तशी कमी करत आणायची. मग पुन्हा या सायकलवर बसायचं."

खरं तर आनंदाने नाचायला हवं होतं. शोभाताईंना रडू फुटलं. "मग आता मला सांभाळणार कोण?" त्यांनी विचारलं. गुरुदत्तराव एका शब्दानेही रागावले नाहीत, त्याने तर त्या अधिकच घाबरल्या.

गुरुदत्तराव रिक्षाचे पैसे देत होते, तोवर त्या जिना चढू लागल्या. दुसऱ्या मजल्यावर जमिलाचं दार उघडंच होतं. "काय गं, कतारहून कधी..." सवयीने तोंडातून निघालं आणि त्या थांबल्या. "नाही, मला काहीच विचारायचं नाहीये. दम लागलाय. आणि फार भीती वाटतेय गं."

जमिलाने दारामागची प्लास्टिकची खुर्ची पुढे सरकवली. "बसा शोभाताई. गेल्या रमजानपासून तुमच्यासाठीच ठेवलीय. तुम्ही बसतच नव्हता, मग मी आपली गोष्ट लांबवायची."

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"आमचे हे दिवाळीत येऊन परतसुद्धा गेले. तुम्ही विचारायच्या कधी येणार, मी म्हणायची येतील, येतील. तुमची धाप थांबेपर्यंत."

शोभाताई खुर्चीत बसल्या. छाती अजून धपापत होती, भीतीही होती तिथेच होती. "मग सांग तरी," त्या म्हणाल्या, "आले तेव्हा किती दिवस राहिले?" आणि या वेळी त्यांनी उत्तर ऐकलं.