आपल्या गल्लीचा नंबर

शहराच्या बांधकाम खात्यात त्याला त्याच्या राहत्या भागाचा मुकादम नेमलं, तेव्हा त्याने पहिलं काम काय केलं असेल, तर खात्याच्या आवारातल्या पत्र्याच्या खोलीत एक काळा फळा टांगला. खचलेला फुटपाथ, तुंबलेलं गटार, रस्त्यातला खड्डा, जी तक्रार आधी येईल ती वर, नंतरची खाली. सकाळी टोळी निघायची ती फळ्यावरचं पहिलं काम करायला. त्याच्या आधीचा मुकादम ज्याच्याशी गोडीगुलाबी असेल त्याच्या दारात आधी डांबर ओतायचा, आणि बाकीचे वर्षानुवर्षं चपला हातात घेऊन चिखलातून जायचे. तेव्हा हा साधा बेलदार होता, घमेली उचलायचा. ते बघून त्याच्या मनात जे बसलं ते बसलं.

कोणी दारात उभं राहून अजिजी केली, तरी तो फळ्याकडे बोट दाखवायचा. "नंबर आला की येतो." एवढंच. दुकानदार आले, शाळेचे मास्तर आले, बायकोचा सख्खा भाऊही येऊन हात हलवत परत गेला. लोकांनी त्याचं नाव ठेवलं नंबरसाहेब. आधी चेष्टेने म्हणायचे, मग सवयीने, आणि काहीजण तर आदरानेही. त्याला ते नाव आवडायचं. तसं त्याने कधी बोलून दाखवलं नाही, पण कोणी हाक मारली की चेहरा सांगायचा.

घरी तो, बायको आणि त्याची थोरली बहीण. दोनच खोल्या, तळमजल्यावर. ताईने त्याला आईच्या माघारी वाढवलेला. तिचं लग्न झालं, एक मुलगी झाली, नवरा गेला, मुलगी लग्न होऊन लांबच्या शहरात गेली, आणि ताई पुन्हा भावाच्या घरी आली. आली ती शिलाई मशीन घेऊनच. कोपऱ्यावरच्या कपड्यांच्या दुकानाची दुरुस्तीची कामं तिच्याकडे असायची. बाह्या आखूड करायच्या, कंबर सैल करायची, चेन बदलायची. सकाळी झालेल्या कपड्यांचं गाठोडं घेऊन ती गल्लीने दुकानात जायची आणि नवं काम घेऊन यायची. "मी कुणाच्या ताटाखालचं मांजर नाही," असं ती हसत म्हणायची आणि खरंच नव्हती.

गल्लीच्या मध्यावर गटाराचं एक चेंबर होतं. त्याच्या झाकणाला तडा गेल्याचं पहिल्यांदा ताईच्याच लक्षात आलं. पाय पडला की ते डुगडुगायचं. तिने संध्याकाळी भावाला सांगितलं. त्याने दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलं, सगळ्यात खाली, जिथे लिहायचं तिथेच.

बायको भडकली. तिचं म्हणणं सरळ होतं. झाकणं आवारात पडून आहेत, टोळी तुमच्या हाताखाली आहे, तासाभराचं काम आहे. याने शांतपणे उत्तर दिलं की इतर गल्ल्यांतही तडे गेलेली झाकणं आहेत आणि तिथेही म्हातारी माणसं राहतात. आज आपल्या दारातलं आधी केलं, तर उद्या कोणत्या तोंडाने कुणाला थांबा म्हणू. ताई मशीनवर वाकलेली होती. मान वर न करता म्हणाली, "बरोबर बोलतोय तो. असू दे." त्या शब्दांनी त्याची छाती फुगली.

अगदीच हात झटकले होते असं नाही. आवारातलं एक फुटकं पिंप आणून त्याने झाकणाच्या बाजूला ठेवलं, त्याला लाल फडकं बांधलं. आपल्या परीने बंदोबस्त केला.

आता एक गोष्ट राहिली सांगायची. अधूनमधून इंजिनिअरसाहेबांचा फोन यायचा. कोणी मोठा माणूस येणार असायचा, कुठल्या बंगल्यासमोरचा रस्ता वाईट दिसत असायचा, कुठल्या कचेरीचं उद्घाटन असायचं. टोळी घेऊन तिकडे जा, असा हुकूम. तो जायचा. वरून आलेला हुकूम म्हणजे नोकरीचा भाग, त्यात आपलं काय चालणार, असं तो धरून चालला होता. आणि साहेबांचं काम फळ्यावर लिहायची पद्धत नव्हती. त्यामुळे फळा नेहमी नीटनेटका दिसायचा, कोणी कुणाच्या पुढे गेलेलं नाही असा.

त्या आठवड्यात असाच फोन आला. वरच्या अंगाला मोठ्या घरांचा एक रस्ता होता, चांगला गुळगुळीत. पण पाहुणे येणार होते म्हणून त्याच्या कडेच्या दगडांना रंग द्यायचा होता, एक दगड पांढरा, एक काळा. फळ्यावरची कामं थांबली. ताईच्या चेंबरचं काम एव्हाना पहिल्याच ओळीवर आलं होतं.

टोळी रंगाचे डबे घेऊन त्या रस्त्यावर बसली असताना गल्लीत कोणाचं तरी सामान आलं. टेम्पोला वाट हवी म्हणून हमालांनी पिंप उचलून भिंतीशी ठेवलं. सामान उतरवून टेम्पो गेला, पिंप तिथेच राहिलं. ताई गाठोडं घेऊन निघाली. गाठोडं पोटाशी धरलेलं, पायाखालचं दिसत नव्हतं. पिंप नाही म्हणजे झाकण बदललं, असं तिला वाटलं, असं तिने नंतर सांगितलं. झाकण मधोमध मोडलं आणि ती कमरेपर्यंत आत गेली.

गल्लीतल्या इस्त्रीवाल्याने आणि दोन बायकांनी तिला वर काढलं. मुकादमाला फोन लागला, तेव्हा तो कडेच्या दगडावरचा रंगाचा ओघळ पुसून घेत होता.

खुब्याचं हाड मोडलं होतं आणि उजवं मनगट चेचलं होतं. डॉक्टर म्हणाले, चालेल, पण आधाराने. हातात चमचा धरता येईल, कात्री धरता येईल असं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअरसाहेब स्वतः आवारात आले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी याच्या खांद्यावर हात ठेवला. "अरे, बोलायचं नाही का? एक शब्द टाकला असतास तर त्याच दिवशी टोळी पाठवली असती." आणि त्यांनी लगेच टोळी पाठवलीच. याला टोळीबरोबर जावं लागलं. स्वतःच्या गल्लीत, स्वतःच्या माणसांकडून, स्वतःच्या देखरेखीखाली त्याने नवं झाकण बसवून घेतलं. लोक दारात उभे होते. इस्त्रीवाला म्हणाला, "आला बाबा एकदाचा नंबर." हसलं कोणीच नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

ताईला घरी आणलं. कितीतरी दिवस तिने विषयच काढला नाही. बायकोही तोंड मिटून होती, आणि तिचं ते न बोलणं त्याला भांडणापेक्षा जड जात होतं. मग एका दुपारी तो तिची उशी सारखी करत असताना ताईने विचारलं, "मी पडले तेव्हा तुझी टोळी कुठे होती रे?"

त्याने खरं सांगितलं. दगडांचं, रंगाचं, पाहुण्यांचं.

"ते काम फळ्यावर होतं?"

"नाही."

ताई म्हणाली, "तू मला पुढे काढलं नाहीस, त्याचं मला काही नाही. काढलं असतंस तर मीच तुला फटकारलं असतं. पण मला वाटत होतं, सगळेच रांगेत आहेत."

तो उशी धरून तसाच उभा राहिला.

त्यानंतरचा साहेबांचा हुकूम त्याने फळ्यावर लिहिला, सगळ्यात खाली. फोन आला तेव्हा सांगितलं, नंबर आला की करतो. साहेब म्हणाले, तुझ्या घरचं झालंय, तुझं मन ठिकाणावर नाही, थोडी विश्रांती घे. पुढच्या सोमवारी त्याची बदली गोदामात झाली. साहेबांचं ते काम दुसऱ्या भागाच्या मुकादमाने त्याच दिवशी उरकलं, याच्याच टोळीकडून. टोळीतल्या म्हाताऱ्या गवंड्याने त्याला पुढे कधीतरी रस्त्यात गाठून सांगितलं, "तुमचं चुकलं नाही हो. पण आम्हाला काय, इथे खण म्हटलं की इथे खणायचं."

बदलीच्या दिवशी घरी आल्यावर त्याने ताईला सगळं सांगितलं. आपण नाही म्हणालो, हे तिने ऐकावं अशी त्याला फार आस होती. शाळेतून बक्षीस आणल्यासारखा तो तिच्या पलंगाशी बसला.

तिने ऐकून घेतलं. "मग ते काम राहिलं?"

"नाही. झालं."

"बरं," ती म्हणाली, आणि खिडकी लोटून घ्यायला सांगितली, डोळ्यावर ऊन येत होतं.

काही महिन्यांनी तिची मुलगी आली आणि तिला घेऊन गेली. याने राहा म्हणून विनवलं. ताई रागावली नव्हती. रागावली असती तर त्याने पाय तरी धरले असते. तिने इतकंच म्हटलं की बसून खायचंच आहे तर लेकीकडे खाईन, तिथल्या गल्लीत निदान मला काम करताना कोणी पाहिलेलं नाही.

तो अजून गोदामातच आहे. सिमेंटची पोती, खडीचे ढीग, लोखंडी झाकणांच्या चळती. जो मुकादम गाडी घेऊन येईल त्याला माल मोजून द्यायचा. कुठे चाललंय हे तो विचारत नाही. रविवारी ताईचा फोन येतो. बायकोशी ती खूप वेळ बोलते, भाचीच्या घरचं, दुखण्याचं, शेजारणींचं. पलीकडून हसल्याचाही आवाज येतो. मग फोन याच्याकडे दिला जातो. "जेवलास का?" ती विचारते. तो हो म्हणतो. तेवढ्यावर तो फोन बायकोकडे परत देतो.