मंजी आणि पिंकीच्या मागे: बोईसर, सातपाटी, वाणगाव

बोईसरला जायचं ठरवलं ते समुद्रासाठी. माझी कॉलेजातली मैत्रीण वैशाली नवऱ्याच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे वीस वर्षं तिथे राहते आणि दर दिवाळीला बोलावते. यंदा जानेवारीत मी शिकवते त्या शाळेला चार दिवस जोडून सुटी मिळाली आणि मी बॅग भरली.

नाशिकहून जव्हार, विक्रमगड, मनोर करत एसटी पालघरला जाते. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे स्वतःची गाडी न्यायचा विचार सोडलाच. घाटात ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढची सीट धरावी आणि जव्हारच्या स्टँडवर चहाखेरीज काही घेऊ नये. मी वडे खाल्ले आणि विक्रमगडपर्यंत पस्तावले.

वैशाली पालघरला घ्यायला येणार होती. ती आलीच नाही. फोनवर एवढंच म्हणाली, की रिक्षा करून थेट बोईसर स्टेशनच्या पूर्वेला ये, दोन मुली सापडत नाहीयेत.

भाजी बाजारामागे एका बंद दुकानाचा ओटा आहे. रोज दुपारी चारला वैशाली आणि बाजारातल्या चार-पाच बाया तिथे सतरंजी टाकतात. स्टेशनच्या आसपास राहणारी मुलं जमतात. त्यांना खिचडी मिळते, जखमा धुतल्या जातात, थोडं लिहिणं-वाचणं होतं. पाटी नाही, संस्था नाही. खिचडीचं पातेलं सांभाळते ती हिराताई, सातपाटीहून मासळी विकायला येणारी कोळीण. मुलं सर्वांत जास्त घाबरतात तिला आणि भूक लागली की पहिल्यांदा जातात तिच्याचकडे.

हरवलेल्या दोघी बहिणी होत्या. मंजी अकरा वर्षांची, पिंकी चारची. मोखाड्याकडून आईबापाबरोबर कामाला आलेल्या. आई तापाने गेली, बाप एक दिवस कामाला म्हणून गेला तो परतला नाही. महिनाभर दोघी पुलाखाली राहत होत्या. रीतीप्रमाणे वैशालीने बालकल्याण समितीला कळवलं. आदल्या दिवशी तिथली माणसं आली, मुलींशी नीट बोलली आणि जाता जाता सांगून गेली, की धाकटीला शिशुगृहात ठेवावं लागेल आणि मोठीला मुलींच्या वसतिगृहात. मंजीने ते ऐकलं. सकाळी पुलाखाली कोणी नव्हतं.

वैशालीचा चेहरा पाहवत नव्हता. मीच कळवलं ना, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. पोलिसांत सांगून झालं होतं. संध्याकाळपर्यंत आम्ही वैशालीच्या ओळखीचे रिक्षावाले शफीकभाई यांच्या रिक्षातून एमआयडीसीतल्या रस्त्यांवर फिरलो. पाळी सुटून बाहेर पडणाऱ्या कामगारांना मोबाइलवरचा फोटो दाखवला. बहुतेकांनी थांबून पाहिला. ‘इधर तो नहीं दिखीं, दीदी,’ एवढंच उत्तर मिळालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिराताईने आम्हाला सातपाटीला नेलं. मंजी तिला सारखं तिच्या गावाबद्दल विचारायची, म्हणून ती तिथेच आली असेल, असं हिराताईला वाटत होतं. ज्यांना सातपाटी पाहायची आहे त्यांनी सकाळीच जावं. बोटी लागलेल्या असतात, बांबूंवर बोंबील ओळीने वाळत असतात. वास पहिली दहा मिनिटं जाणवतो, मग नाही. मी यातलं काही धड पाहिलं नाही. बायांनी हातातलं काम ठेवून फोटो एकमेकींकडे दिला, मुलं गल्लीगल्लीत बघून आली. मुली तिथे नव्हत्या. हिराताईने घरी नेऊन तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण वाढलं. आम्ही चिवडत बसलो.

तेवढ्यात तिची शेजारीण आली. ही सुकी मासळी घेऊन बोईसरच्या बाजारात हिराताईशेजारीच बसते. फोटो पाहून तिला आठवलं. गेल्या आठवड्यात मंजीने तिला विचारलं होतं, की वाणगावला मिरचीची शेतं कुठे आहेत? तिची मावशी तिथे तोडणीला येते म्हणे.

सातपाटी ते वाणगाव रिक्षाने जाऊ नये, पाठ बोलायला लागते. आम्ही गेलो. शफीकभाईंनी वाटेत एकदाही गाडी थांबवली नाही. वाणगावच्या पुढे शेतांमधून विचारत निघालो. तिसऱ्या मळ्यात बाया हिरवी मिरची तोडत होत्या. बांधावरच्या झाडाला लुगड्याची झोळी होती आणि झोळीला झोका देत मंजी बसली होती.

आम्हाला पाहताच तिने झोळीतून पिंकीला उचललं आणि मागे सरकली. वैशाली पुढे धावणार, तोच हिराताईने तिचा हात धरला आणि स्वतः तिथेच, लांब, मातीत बसली.

‘मंजे, तुला न्यायला नाय आलो आमी,’ ती म्हणाली. ‘हायस ना, तेवढं बगायला आलो.’

मंजीने पिंकीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि वैशालीला विचारलं, ‘पिंकीला येगळं ठेवनार?’

वैशाली खोटं बोलली नाही. ते माझ्या हातात नाही, पण तुझ्याबरोबर येऊन मी समितीला सांगेन, असं म्हणाली. तोवर तोडणीतून एक बाई उठून आली होती. तीच मावशी, सुंदराबाई. भात कापून झालं की दरवर्षी कुटुंब इकडे येतं. बहीण गेल्याचं तिला मंजीनेच काल सांगितलं. दिवाळीपासून ती बहिणीची चौकशी करत होती, पण पत्ता कुणाकडेच नव्हता. माझ्या पोरी माझ्याकडंच राहतील, असं ती शांतपणे म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. शफीकभाई रिक्षाची काच पुसायला गेले, ते बराच वेळ पुसत राहिले.

तिसऱ्या दिवशी आम्ही सगळ्या पालघरला समितीच्या कार्यालयात. मी दडपणाखाली होते. समितीच्या बाईंनी आधी मंजीचं ऐकून घेतलं, मग मावशीचं, मग हिराताईचं, जी अर्थातच थांबेना. घरची पाहणी होईल, कागद लागतील, पण तोवर दोघींना मावशीकडे एकत्र राहू द्यायला हरकत नाही, असं त्या म्हणाल्या. बाहेर येऊन आम्ही पायरीवरच बसलो. दोन दिवसांत पहिल्यांदा मला कडकडून भूक लागली.

समुद्र शेवटच्या दुपारी तासभर पाहिला, चिंचणीला. बोईसरहून शेअर रिक्षा मिळते. सुरूची झाडं, लांब ओहोटी, गर्दी नाही. वैशाली वाळूत आडवी झाली आणि चक्क घोरायला लागली. मी तिला उठवलं नाही.

घरी येऊन महिना झाला. मनात राहिलं ते हिराताईचं त्या मातीत बसणं. पंचवीस वर्षं मी शिकवते, तरी घाबरलेल्या मुलाकडे मी धावतच गेले असते. परवा वैशालीचा फोन आला. पाहणी झाली, दोघी मावशीच्या गावी आजीजवळ आहेत, मंजी शाळेत जाते. मंजीने तिला फोन करून तक्रार केली म्हणे, की बाईंनी पहिल्या बाकावर बसवलंय, तिथे झोपता येत नाही.