तितराची दुनळी

आमच्याकडे मोठी वस्तू घ्यायला माणूस एकटा जात नाही. म्हैस असो, विहिरीवरची मोटर असो की जुना ट्रॅक्टर, बरोबर एक बोलणारा माणूस न्यायचा. भाव त्यानं करायचा. ज्याला वस्तू हवी आहे त्यानं गप्प बसायचं, तोंड कडू करायचं आणि कोणी विचारलंच तर एखादी खोट काढायची. वस्तू आवडल्याचं समोरच्याला कळलं की सौदा हातचा गेला, असं मिसरूड फुटायच्या आधीपासून डोक्यात बसलेलं. मी तर मुलगी बघायलाही याच पद्धतीनं गेलो होतो. मामा बोलले, काका बोलले, मी जमिनीकडे बघत पोहे संपवले. बायको उत्तम मिळाली. तिच्याबरोबर तिचा धाकटा भाऊ मिळाला.

हा मेहुणा बारामतीच्या बाजूला असतो, दुधाचा धंदा करतो. सासुरवाडीत माझं बोलणं कोणी शेवटपर्यंत ऐकून घेत असेल तर तो एकटाच. बाकीचे मी पहिलं वाक्य संपवायच्या आत “व्हय व्हय, चहा घ्या” म्हणतात. हा मात्र गुडघ्यावर कोपर टेकून बसायचा आणि विचारायचा, “मग फुडं काय झालं दाजी?” अशा माणसावर जीव लावायला मला दुसरं कारण लागलं नाही.

मला बंदुकीचा परवाना मिळाला तेव्हा सगळ्यात आधी फोन त्यालाच केला. लासुर्ण्याजवळच्या आमच्या रानात मका आणि ऊस असतो, आणि दोन्हीवर रानडुकरांचा डोळा असतो. ती उभं पीक आडवं करतात, त्यामुळे पीक संरक्षणासाठी अर्ज केलेला. चौकशा, सह्या, ठाण्याचे हेलपाटे असं सगळं करून तो एकदाचा मंजूर झाला. आता मुदतीत बंदूक घ्यायची होती.

खरं सांगायचं तर डुकरं हाकलायला एकनळीही पुरते. आवाज झाल्याशी कारण. पण मला दुनळी हवी होती, शेजारी शेजारी दोन नळ्या असलेली, हलकी, जुन्या घडणीची. माझ्या वडिलांकडे तशी होती. माळावर तितर मारायला परवानगी होती त्या काळातली त्यांची बंदूक. तितर कसा पायाखालून फर्रकन उठतो, बंदूक खांद्याला यायला किती थोडा वेळ मिळतो, ती जड असली तर तितर कसा पुढच्या माळावर जाऊन बसतो, हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं होतं की मी स्वतः एकही पाखरू न मारता तितराच्या शिकारीवर व्याख्यान देऊ शकतो. आता तितर मारणं गुन्हा आहे आणि ते बरंच आहे. माझा नेम बघता तितरांना कायद्याची गरज होती असंही नाही. वडील गेले, बंदूक सरकारजमा झाली, आणि मी तेव्हा वेळेवर कागद केले नाहीत. तर डुकरांना भिववायला मला तितराची बंदूक हवी होती. जरीचा फेटा बांधून शेण काढायला जावं, तसला प्रकार.

मेहुण्यानं हे सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, “दाजी, दुनळीच घ्यायची. पण माझ्याबिगर घ्यायची न्हाय.”

त्याच्याकडे बऱ्याच वर्षांपासून एकनळी आहे. दुधाचा पैसा घेऊन फिरावं लागतं म्हणून त्याला परवाना मिळाला होता. बंदुकीतलं त्याला कळत होतं, निदान माझ्यापेक्षा. त्यानं मला शिकवलं. नळ्या सुट्या करून बोटात लोंबत्या धरायच्या आणि नखानं टिचकी मारायची. घंटेसारखा नाद आला तर जोड पक्का, बद्द वाजलं तर दोन नळ्यांमधलं झाळकाम सुटलेलं. नळीतून उजेडाकडे बघायचं, आत खड्डे आहेत का ते. सांध्याला धरून हलवायची, खुळखुळली की सोडून द्यायची. जुनी असेल तर आजचं काडतूस तिच्या नळीतल्या घरात बसतं का ते माहीतगाराकडून मोजून घ्यायचं, नाहीतर फुकट जिवाशी खेळ. आणि सगळ्यात शेवटी, डोळे मिटून बंदूक खांद्याला लावायची आणि मग डोळे उघडायचे. नजर सरळ नळ्यांच्या मधल्या पट्टीवरून गेली तर ती बंदूक आपली.

हा शेवटचा धडा मी घरी उसाच्या कांडक्यावर गिरवत होतो. बायको दारात येऊन उभी राहिली. “डोळं मिटून डुकरं मारणार व्हय?” म्हणाली आणि आत गेली.

आम्ही पुण्याला दुकानांत जाऊन आलो. परदेशी बंदुका काचेआड होत्या आणि त्यांच्याकडे बघायचेही पैसे पडतील अशी भीती वाटत होती. आवाक्यातल्या नव्या दुनळ्या म्हणजे पहार. खांद्याला लावेपर्यंत तितर काय, डुक्करही म्हातारं होऊन मरेल. मला तरी सगळ्याच आवडत होत्या. मेहुणा प्रत्येक वेळी माझं मनगट धरून मला बाहेर काढायचा. “तुमचा चेहरा म्हंजे बोर्ड हाय दाजी. दुकानदार लांबनं वाचतोय.”

मग उन्हाळ्यात एक दिवस त्याचाच फोन आला. वडगाव निंबाळकरला एक म्हातारे आबा आहेत, तरुणपणी माळावर नावाजलेले शिकारी. आता हात थरथरतो, परवाना परत करायचा आहे, मुलांना बंदुकीत रस नाही. जुनी दुनळी, जपलेली. आबांना पैशाची हाव नाही, पण बंदूक चांगल्या माणसाकडे जावी एवढीच इच्छा.

जाताना गाडीत मेहुण्यानं पढवलं, “दाजी, तितं तोंड उघडायचं न्हाय. मी बोलतो. इचारलं तर खोट काढायची. कबूल?”

“कबूल,” मी म्हणालो. आणि मी कबूल केलेलं पाळलं.

आबांनी बंदूक जुन्या धोतरात गुंडाळून ठेवली होती. त्यांनी ती बाळंतिणीनं मूल द्यावं तशी माझ्या हातात दिली. हलकी. इतकी हलकी की मला आधी वाटलं तिच्यातलं काहीतरी काढून ठेवलंय. मेहुण्यानं नळ्या सुट्या करून टिचकी मारली. तो नाद अजून कानात आहे. परत जोडल्यावर मी डोळे मिटले, खांद्याला लावली, डोळे उघडले. नजर पट्टीवरून सरळ आबांच्या आंब्याच्या शेंड्यावर गेली. कुठं मान वाकवावी लागली नाही की गाल दाबावा लागला नाही. मला वडील आठवले. चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून मी बंदूक खाली ठेवली.

आबा माझ्याकडेच बघत होते. “कशी वाटली, पाव्हणं?”

मी मेहुण्याकडे बघितलं. त्यानं पापणी लववली.

“बरी हाय,” मी म्हणालो. “पण दस्त्याला चीर हाय.”

खांद्याला टेकवायच्या त्या लाकडी दस्त्याला केसाएवढी चीर होती, वार्निशातली. आबांचा चेहरा उतरला. ते मेहुण्याकडे वळले. मेहुणा मग बोलत राहिला, घडणीचं, नादाचं, जपणुकीचं. आबा खुलले, त्याला माळावरच्या जागा सांगायला लागले. मी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत, तोंड कडू करून बसलो होतो. इतकी चोख भूमिका मी आयुष्यात कधी केली नव्हती. निघताना मेहुण्यानं आपला नंबर दिला.

“म्हातारा जरा नरम पडू द्या,” गाडीत तो म्हणाला. “बंदूक तुमचीच हाय दाजी.”

पाऊस झाला, मका वर आला. मी विचारायचो, तो म्हणायचा, “आबा बरं न्हायती,” “आबांचा ल्योक आलाय,” “घाई केली तर बिघडंल.” मी मुदतवाढीचा अर्ज केला. डुकरांनी त्यांचं काम केलं. मला शंका आली नाही. मेहुण्यावर शंका घ्यायची तर मग माझ्या गोष्टी ऐकणार कोण?

दसऱ्याला संध्याकाळी सोनं द्यायला आम्ही सासुरवाडीला गेलो. खंडेनवमीची पूजा तशीच मांडलेली होती. पाटावर कोयते, नट आवळायचे पाने, दूध मोजायचं माप, त्याची एकनळी. आणि तिच्याशेजारी, झेंडूचा हार घालून, ती. मी चीर शोधली. होती.

मी काही बोलायच्या आत बायकोचं तिकडे लक्ष गेलं. तिनं ती कधी पाहिली नव्हती, पण माझ्याकडून इतकं वर्णन ऐकलं होतं की तिनं लगेच ओळखली. तिचा चेहरा असा फुलला! “अगंबाई, यांची बंदूक आणून ठिवलीस व्हय रे? आन सांगितलं पण न्हाईस! दसऱ्याला द्यायची म्हणून व्हय?”

मेहुणा आपट्याची पानं हातात घेऊन उभा राहिला. त्याची बायको चहाच्या नावाखाली आत गेली. माझ्या बायकोचा चेहरा हळूहळू विझत गेला. ते मला बघवलं नाही. बंदुकीपेक्षा तेच जास्त लागलं.

“तसं न्हाय आक्का,” तो शेवटी म्हणाला. “माझ्या परवान्यावर दुसऱ्या हत्याराला जागा हुती. आबांनी मलाच इचारलं, तुमी घेता का. आता म्हाताऱ्या माणसाचं मन मोडायचं का?”

“माझ्यासाठी हाय म्हणून सांगायचं होतंस,” मी म्हणालो.

“सांगितलं की! पण तुमीच म्हणला न्हाय का दाजी, दस्त्याला चीर हाय? आबांना ते लय लागलं. म्हणलं, त्या मुक्या माणसाला न्हाय द्यायची.”

यावर मला हसू आलं. खरंच आलं. मला बोलू नका म्हणून सांगणारा माणूस मला मी बोललो नाही म्हणून दोष देत होता, आणि हिशेब चुकत नव्हता. घरी येताना गाडीत बायको म्हणाली, “तुमी पण जरा बोलायचं की वो.” तिला भावाची बाजू कुठंतरी टेकवायची होती. मी म्हणालो, “व्हय, चुकलंच माझं.”

पण मुका म्हणवून घेणं काही पचेना. चार दिवसांनी मी एकटाच वडगावला गेलो. आबांना म्हणालो, आबा, मी आलो होतो, तो गप्प बसलेला माणूस. तुमची बंदूक खांद्याला लावली तेव्हा मला माझे वडील आठवले, म्हणून बोलता आलं नाही. चीर काढली ती रीत म्हणून. राग धरू नका, एवढंच सांगायला आलोय.

आबा हसले. “रीत मला ठाव न्हाय व्हय? मी बी तशीच जनावरं घेतली. तुमी बंदूक खांद्याला लावली तवाच मी वळखलं. मी तर तुमालाच द्यायची म्हणून तुमच्या मेव्हण्याला फोन केला.”

“मग?”

“त्यो म्हणला, दाजींचा परवाना रद्द झाला. आता त्यांना घेता येत न्हाय, मनाला लावून घेत्यात म्हणून त्यांच्याम्होरं इषय काढू नका. मग म्हणला, मी घेतो, घरातच ऱ्हाईल.” आबा थांबले. माझ्याकडे बघून त्यांना काय ते कळलं असावं. “रद्द न्हाय झाला?”

परवाना माझ्या खिशात होता. मी तो काढला नाही. “नाही झाला,” एवढंच म्हणालो.

त्यांनी चहा टाकायला सांगितला. आम्ही दोघं अंगणात बसलो. ते तितराविषयी काही बोलले नाहीत, मीही नाही. उठताना म्हणाले, “बहीण-भावाच्या मदी घालू नका हे.”

मी घातलं नाही. बायकोला सांगितलं, आबा भेटले, बरे आहेत. तिनं माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि विचारलं नाही.

भाऊबीजेला तो आला. नवा शर्ट, मिठाईचा पुडा, तेच गुडघ्यावर कोपर टेकून बसणं. बायकोनं पाट मांडला, निरांजन लावलं, कुंकू लावलं. ओवाळून घेता घेता तो माझ्याकडे बघून म्हणाला, “दाजी, इंदापूरच्या एकाची दुनळी निघालीया म्हणं. मी येतो संगं. बघून टाकू.”

“नको,” मी म्हणालो. “तुला सांगायचं राहिलं. माझा परवाना रद्द झालाय.”

निरांजनाचं ताट त्याच्या तोंडासमोर तसंच थांबलं. माझा परवाना कपाटात, तिच्याच साड्यांखाली ठेवलाय, हे तिला माहीत होतं. तिनं माझ्याकडे बघितलं, मग भावाकडे. तो वातीकडे बघत होता आणि त्याचे कान लाल झाले होते. तिनं ओवाळणं पूर्ण केलं, घाई न करता, अक्षता टाकल्या. त्यानं ताटात ओवाळणी ठेवली तेव्हा तिनं ती उचलली नाही.

“तुमची दोघांची पानं वाढू?” तिनं विचारलं.

“त्याचं वाढ,” मी म्हणालो. “मी नंतर जेवीन.”

तिनं एकच पान वाढलं. तो जेवत होता तोवर ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, आणि त्याला काही हवं का, असं तिनं एकदाही विचारलं नाही.