गळक्या छताचा निकाल

माझ्या खालच्या मजल्यावर राहणारे सर विद्यापीठात अमेरिकेची कोर्टं आणि तिथलं राजकारण शिकवतात. भाजीवालीशी घासाघीस करतानाही ते आधी तिची बाजू ऐकून घेतात. माझ्या बाथरूमचं पाणी त्यांच्या हॉलमध्ये गळायला लागलं, तेव्हा त्यांनी सोसायटीकडे रीतसर तक्रार केली.

मीटिंगमध्ये मी मान खाली घालून गप्प बसलो होतो. ते बघून सरच अस्वस्थ झाले. "याच्या बाजूनं कोणीच बोलत नाही, हे बरोबर नाही," म्हणत त्यांनी खुर्ची उचलली, माझ्याशेजारी येऊन बसले आणि माझी बाजू मांडायला लागले. पाणी वरूनच येतं याला पुरावा काय, असं त्यांनी दरडावून विचारलं. कमिटी गांगरली.

"सर, पाणी तुमच्याच डोक्यार पडता ना?" आमचे मालवणी चेअरमन म्हणाले.

"तो मुद्दा वेगळा."

मी जिंकलो. सरांनी माझं अभिनंदन केलं.

दुसऱ्या दिवशी मला राहवेना, म्हणून मी प्लंबर आणला. सर जिन्यातच आडवे आले. बाहेर कडक ऊन, आणि त्यांच्या हातात ओली छत्री.

"निकाल लागलाय. आता अपिलाशिवाय नळाला हात लावायचा नाही."

"मग करा ना सर अपील."

"केलं असतं रे," ते म्हणाले. "पण तुझा वकील फार भारी आहे."